टाकीत काय जावं? चाकावरच्या घरातल्या कागदाची गोष्ट

 

आजचा विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावतील. विषय आहे संडासात वापरायच्या कागदाचा. आपण टमरेलभर पाणी वापरणारी माणसं. मग त्या कागदाशी आपलं काय नातं? नातं कागदाशी नाही, टाकीशी आहे. अमेरिकेत लाखो लोक चाकावरच्या घरातून हिंडतात. त्या घरात संडास असतो आणि संडासाखाली एक लहानशी टाकी. तिच्यात कुठला कागद टाकायचा, याची त्यांना फार काळजी घ्यावी लागते. ती काळजी कशासाठी, हे कळलं की आपल्या दारातल्या शोषखड्ड्याकडंही आपण वेगळ्या नजरेनं बघू.

आधी कागदाचं मूळ पाहू. कागद चीनचा. तो या कामी वापरायलाही तिथंच सुरुवात झाली. सहाव्या शतकात यान झितुई नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की, ज्या कागदावर थोरामोठ्यांची वचनं किंवा नावं असतील, तो संडासात वापरायला आपलं मन धजत नाही. म्हणजे बाकीचा कागद तेव्हा वापरात होता. पुढं १३९३ साली चीनच्या राजदरबारासाठी वर्षाला ७ लाख २० हजार ताव खास या कामाकरता बनवल्याची नोंद आहे. राजघराण्यासाठी वेगळे, मऊ आणि सुगंधी ताव होते.

इतर देशांत सामान्य माणसाला जे हाताशी असेल ते चालत होतं. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरी दाणे काढलेली मक्याची कणसं, म्हणजे आपली बुरकुंडं, संडासात ठेवलेली असत. नंतर जुनी वर्तमानपत्रं आली, दुकानांचे जाडजूड सूचीग्रंथ आले. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका प्रसिद्ध पंचांगाला तर कोपऱ्यात भोकच पाडलेलं असायचं, खिळ्याला अडकवायला सोपं जावं म्हणून. आधी वाचायचं, मग फाडायचं.

१८५७ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटी यांनी खास संडासासाठीचा कागद विकायला काढला. ५०० तावांचं पुडकं ५० सेंटला. कागदात कोरफड घातलेली आणि प्रत्येक तावावर त्यांचं नाव. पण घरात फुकटची रद्दी असताना पैसे मोजणार कोण? १८९० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या स्कॉट बंधूंनी गुंडाळीचा कागद बाजारात आणला. गंमत अशी की, त्यावर स्वतःचं नाव छापायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून तो दुसऱ्या दुकानदारांच्या नावानं विकला जाई. पदर तोंडाला लावणाऱ्या आपण एकट्याच नाही बरं का!

मग हा कागद घरोघरी गेला कसा? नळामुळं. घरात पाण्याचा संडास आला, जमिनीखाली गटाराचे पाइप आले, आणि लोकांच्या लक्षात आलं की बुरकुंडं आणि वर्तमानपत्रं त्या पाइपात अडकतात. खड्ड्याच्या संडासात काहीही टाकलं तरी चालत होतं, पाइपात चालेना. पाइपाला हवा होता पातळ, पाण्यात विस्कटणारा कागद. या गोष्टीतला पहिला धडा हाच. आपण काय टाकायचं, हे आपल्या सवयीवर नाही, खाली काय आहे त्यावर ठरतं.

आता चाकावरच्या घराकडं वळू. १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पियर्स-ॲरो कंपनीनं एक मोटार मांडली होती. तिची मागची बैठक उलगडली की बिछाना व्हायचा, चालकाच्या पाठीमागं हात धुवायचं भांडं होतं आणि सोबत शौचाचं भांडंही होतं. ही श्रीमंतांची हौस. १९६० च्या दशकात मात्र अशी घरं कारखान्यांतून मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागली. तिकडं त्यांना ‘आरव्ही’ म्हणतात. आत स्वयंपाकघर, झोपायची जागा, न्हाणी आणि पाण्याचा संडास. काहीजण सुट्टीत यातून फिरतात. पण सगळेच हौशी नाहीत. २००८ च्या मंदीनंतर भाडं किंवा घराचे हप्ते परवडेनासे झालेले कितीतरी लोक अशा गाड्यांत राहू लागले. त्यात एकट्या, वयस्कर बायाही आहेत, जिथं काम मिळेल तिथं गाडी नेणाऱ्या.

या घराला गटार जोडलेलं नसतं. म्हणून गाडीच्या पोटाशी टाक्या असतात. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी एका टाकीत, त्याला ते ‘राखाडी पाणी’ म्हणतात. संडासाचं दुसऱ्या टाकीत, त्याला ‘काळं पाणी’ म्हणतात. आपल्याकडं त्या शब्दाला भलताच अर्थ आहे, पण टाकी तुंबली की त्यांनाही शिक्षाच वाटत असणार. ही टाकी साधारण ७५ ते १५० लिटरची. भरत आली की ठरलेल्या जागी गाडी न्यायची, तीन इंची नळी जोडायची, झडप उघडायची आणि टाकी रिकामी करायची.

घरच्या गटारात पाणी सतत वाहतं, ते कागदाला पुढं ढकलतं. गाडीच्या टाकीत सगळं दिवसचे दिवस तसंच पडून राहतं. शिवाय प्यायचं पाणीही गाडीतूनच न्यायचं, म्हणून संडासात पाणी जपून सोडलं जातं. मग जाड कागद भोकाच्या बरोबर खाली साचतो आणि त्याचा ढीग होतो. वाळला की तो खडकासारखा बसतो. टाकीच्या भिंतींना पातळी मोजणारी टोकं असतात, त्यांना कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दाखवते. काहीजण गाडी उभी असताना झडप उघडीच ठेवतात. त्यानं पाणी तेवढं वाहून जातं आणि मैला व कागद तळाशी राहतो. म्हणून जाणती माणसं सांगतात, झडप बंद ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडा आणि पाण्याची कंजुषी करू नका.

तरी मुख्य प्रश्न उरतोच, कागद कुठला घ्यायचा? त्यासाठी कागद कसा बनतो ते बघावं लागेल. कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, लगद्यातून जाळीवर पसरून वाळवलेले. पाणी लागलं की तंतूंची आपापसातली पकड सुटते. साखरेसारखा तो विरघळत नाही, विस्कटतो. पण स्वयंपाकघरात पुसायला लागणारा कागद भिजल्यावर फाटून कसा चालेल? म्हणून त्यात राळेसारखं एक रसायन घालतात, ते तंतूंना पाण्यातही धरून ठेवतं. चेहरा पुसायच्या कागदातही ते असतं. दोन्ही कागद दिसायला संडासातल्या कागदासारखेच पांढरे आणि मऊ, पण टाकीत गेले की तसेच राहतात. संडासाच्या कागदातही फरक आहे. एकपदरी कागद लवकर सुटतो, दुपदरी-तिपदरी जाड कागदाला वेळ लागतो. जुन्या कागदापासून पुन्हा बनवलेल्या कागदाचे तंतू आखूड असतात, म्हणून तोही लवकर सुटतो.

पुडक्यावर तर सगळेच ‘टाकीसाठी सुरक्षित’ असं छापतात. मग खरं-खोटं करायचं कसं? त्यांची युक्ती साधी आहे. काचेच्या बरणीत निम्मं पाणी घ्या, कागदाचे दोन-तीन तुकडे टाका, झाकण लावून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. कागदाचा धुरळा झाला तर तो घ्या. तुकडा अख्खा राहिला तर दुकानात परत. ना प्रयोगशाळा, ना तज्ज्ञ. डाळ-तांदूळ पाखडून पारखणाऱ्या आपल्या बायांना ही रीत लगेच पटेल.

बरणीत सर्वांत लवकर उघडे पडतात ते ओले रुमाल, बाळाला पुसायला मिळतात ते. त्यांत बहुतेक वेळा प्लास्टिकचे धागे असतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं एका कंपनीला, संडासात टाकता येतात असा दावा पुराव्याशिवाय करायला बंदी घातली. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असे रुमाल आणि स्वयंपाकाची चरबी मिळून २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. तो माणसांना खाली उतरून फोडावा लागला.

सख्यांनो, आता आपल्या रेल्वेत या. आपणही चाकावरच्या संडासात बसतो की! १९०९ साली बंगालमधल्या ओखिल चंद्र सेन यांनी रेल्वेला तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. फणस जास्त खाल्ल्यानं ते स्टेशनवर उतरून आडोशाला गेले आणि गाडी सुटली. खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले ते या पत्रामुळं, असं सांगतात. तेव्हापासून शंभर वर्षं मैला थेट रुळांवर पडत होता, आणि रूळ कुणीतरी साफ करत होतं. आता डब्यांखाली जैव-शौचालयाच्या टाक्या आहेत, अडीच लाखांहून जास्त. त्यातले जिवाणू मैला पचवतात. पण ‘कॅग’च्या २०१७ च्या अहवालात या टाक्या तुंबल्याच्या लाखाहून जास्त नोंदी आहेत. जिवाणू मैला खातात. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, चिंध्या आणि पॅड खात नाहीत.

तीच गोष्ट आपल्या दारातली. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा चार-पाच वर्षांत भरतो. मग दुसरा सुरू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, की आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. ते आपल्या हातानं काढून शेतात घालता येतं. यातली सगळी करामत जिवाणूंची आणि मातीची. भरमसाट फिनेल आणि ॲसिड ओतलं तर तेच मरतात. पॅड टाकलं तर त्यातली पावडर पाणी पिऊन फुगते, खालचं प्लास्टिक कुजत नाही, आणि भांड्याखालच्या वळणात किंवा पाइपात ते अडकून बसतं.

अडकलं की मग काय? मग कुणाला तरी बोलावतात. कुणाला बोलावतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः मैला उचलला आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाचे प्रयोग केले, ते एवढ्यासाठीच की, एका माणसाची घाण दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये. डोक्यावरून मैला वाहणाऱ्यांत बायाच जास्त होत्या. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी हे काम करवून घेणं गुन्हा ठरवलं. साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवणंही गुन्हाच. तरी वायूनं गुदमरून माणसं मरतात. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण पैशानं माणूस परत येत नाही.

अमेरिकेतल्या चाकावरच्या घरातली बाई कागद बरणीत हलवून बघते, कारण टाकी तुंबली तर हात तिलाच घालावा लागणार. आपल्याकडं हात दुसऱ्याचा असतो, म्हणून आपण बघत नाही. फरक एवढाच आहे.

तर या महिन्याच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की, एक बरणी पाणी मध्ये ठेवा. वर्तमानपत्राचा तुकडा, ओला रुमाल, पॅडमधला कापूस, गुटख्याची पुडी एकेक करून टाका आणि हलवा. पुढच्या बैठकीपर्यंत बरणी तशीच ठेवा. सुनांना, लेकींना आणि घरातल्या पुरुषांनाही दाखवा. जे तसंच राहिलं ते खड्ड्यात जाणार नाही, असं गटाच्या वहीत लिहा. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून वेगळी द्यायची, ती गोळा कोण करणार आणि नेणार कुठं, हे ग्रामपंचायतीला विचारा. ग्रामसभेत हा प्रश्न पदर खोचून मांडा, तोंडाला लावून नव्हे.

बरणीत काय राहिलं, ते आम्हाला नक्की कळवा.