धुराची शुद्धि

बारामतीच्या पिआज्जो कारखान्यांतली पेट्रोल-रिक्षा इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हां तिच्या धूरनळींत प्लॅटिनमसारख्या धातूंचा उत्प्रेरक असतो. स्वतः न संपतां तो विषारी वायूंचें रूप पालटतो.

ही युक्ति यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्यानें १९५० नंतर अमेरिकेंत सिद्ध केली. पण पेट्रोलांतील शिशानें उत्प्रेरक निकामी होई. म्हणून आपल्या देशांत १९९५ सालीं दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील नव्या पेट्रोल-मोटारींनाच तो सक्तीचा झाला. बिनशिशाचें पेट्रोल प्रथम तेथेंच आलें. सर्व देशांतून शिसें हटण्यास २००० साल उजाडावें लागलें.

भारत स्टेज सहाचा नियम मात्र १ एप्रिल २०२० रोजीं राजधानी व तालुका यांस एकदमच लागू झाला. शहरें आधीं, गांवें मागून, ही रीत तेथें मोडली. श्वास तर दोहोंचा सारखाच!