बिऱ्हाडाची घोडी

लासुर्ण्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी घोडीसाठी कर्ज मागितलं. त्या धनगर वाड्यातल्या, मेंढ्यांमागं फिरणाऱ्या. बाहेरून आणलेल्या कर्जाच्या अर्जात गाय, म्हैस, शेळी छापलेलं. घोडीला रकानाच नव्हता. खोटं कशाला बोला, आधी आम्हीही हसलो. घोडी म्हणजे नवरदेवाची, एवढंच आमच्या डोक्यात.

पण आपला मुलूख भीमा आणि नीरेच्या मधला. इथलं तट्टू भीमथडीचं म्हणून नावाजलेलं. अंगानं लहान, खायला थोडं, घाट चढायला चिवट. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन यायचा. म्हणजे घोडं हे तेव्हाही भांडवलच होतं! १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या. घोडी टिकली ती धनगरांच्या वाड्यांत.

दिवाळीनंतर वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. पुरुष मेंढ्यांबरोबर, बिऱ्हाड घोड्यांवर, आणि घोड्यांबरोबर बाया. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लेकरूही. हे सगळं रोज उतरवायचं, रोज लादायचं. ताई म्हणाल्या, "ओझं एका अंगाला कललं की घोडीची पाठ सोलते. मग बिऱ्हाड आपल्या डोक्यावर."

लांब मेक्सिको देशातही असंच. तिथं गुरं राखायला घोडी लागायची. त्या कामातूनच 'चारेरिया' नावाचा घोडेस्वारीचा खेळ उभा राहिला. त्यात आठ-आठ बायकांचे संघ दोन्ही पाय एका अंगाला सोडून, घोळदार कपड्यांत घोडी दौडवतात. २०१६ साली युनेस्कोनं हा खेळ जगाच्या वारशात नोंदवला. आपल्याकडं २०२३ साली राज्यगीत झालेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा'मध्ये भीमथडीची तट्टं आहेत, देशी घोड्यांच्या जातींतही भीमथडीची नोंद झाली आहे. लादणारीचं नाव मात्र अजून कुठं लागलेलं नाही.

ताईंना आम्ही गटाच्या बचतीतून कर्ज दिलं. दोघी आधी कां-कूं करत होत्या, मेंढ्या दूर गेल्यावर हप्ता कोण भरणार म्हणून. ठरलं असं, की वाडा परत आल्यावर, पावसाळ्यात भरायचा. इतिवृत्तात कर्जाचं कारण लिहिलं, 'बिऱ्हाडाची घोडी'.