धूम्रपान साधने

धूम्रपान साधने : तंबाखूचा धूर किंवा निकोटीनयुक्त बाष्प तोंडावाटे ओढून घेण्यासाठी वापरण्यात येणारी उपकरणे. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : चिलीम, गुडगुडी व हुक्का ही पुनःपुन्हा वापरावयाची परंपरागत साधने, विडी व सिगारेट ही एकदाच वापरून टाकून द्यावयाची साधने, आणि एकविसाव्या शतकात प्रचारात आलेली, टाकी व तापक वेटोळे असलेली विद्युत् सिगारेट. पहिल्या व तिसऱ्या वर्गांतील साधनांची नियमित निगा राखावी लागते. साधन स्वच्छ असले म्हणजे त्यातून येणारा धूरही निर्दोष असतो, ही समजूत या निगेबरोबर निरनिराळ्या काळी रूढ झालेली दिसते. ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न या साधनांच्या इतिहासात आरंभापासून उपस्थित झालेला आहे.

दख्खनमधून प्रसार : तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवा व पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून दख्खनमधील राज्यांत पसरली. उत्तर हिंदुस्थानात तिचा प्रवेश दख्खनमधूनच झाला. अकबराचा वकील असद बेग हा विजापूरला इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या दरबारी गेला असता त्याला तंबाखू व ती ओढण्याची नळी प्रथमच पाहावयास मिळाली. सु. १६०४ मध्ये परतताना त्याने ती बरोबर नेली आणि आचीनहून आलेली, टोकांना रत्ने व मिनाकाम असलेली नळी सजवून बादशहापुढे ठेवली. अकबराने थोडासा धूर ओढला. परंतु दरबारी हकिमाने त्यास हरकत घेतली. ज्या वस्तूचे गुणदोष आपल्या वैद्यकग्रंथांत नाहीत ती अनुभवाशिवाय स्वीकारू नये, असे हकिमाचे म्हणणे होते, तर जगातील प्रत्येक चाल केव्हातरी नवीनच होती, असा असद बेगचा युक्तिवाद होता. अकबराने पुढे धूम्रपान केले नाही. सरदारांत मात्र ते लवकरच लोकप्रिय झाले. जहांगीरने १६१७ मध्ये धूम्रपानास मनाई केली. आपल्या आठवणींत त्याने तंबाखूच्या दुष्परिणामांचा निर्देश केला असून इराणच्या शाह अब्बासनेही अशीच मनाई केल्याचे नमूद केले आहे. या मनाईचा परिणाम फार काळ टिकला नाही.

धूर पाण्यातून नेण्याची कल्पना अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गीलानी याची, असे परंपरेने मानले जाते. तथापि हा हकीम १५८९ मध्ये मरण पावला आणि तंबाखू दरबारात पोहोचली ती त्यानंतर सु. पंधरा वर्षांनी. त्यामुळे ही परंपरा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पाण्यामुळे धूर शुद्ध होतो, या समजुतीला वैद्यकाचा आधार मिळावा म्हणून तिचा संबंध एका नामांकित हकिमाशी जोडला गेला असणे शक्य आहे.

चिलीम व हुक्का : चिलीम ही भाजलेल्या मातीची, वरच्या बाजूस रुंद व खाली निमुळती होत गेलेली नळी होय. तिच्या तळाशी एक खडा ठेवतात, त्यामुळे तंबाखू व विस्तव खाली उतरत नाहीत. खालच्या टोकाभोवती ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात. छापीमुळे धूर काहीसा थंड होतो आणि तंबाखूचे कण तोंडात जात नाहीत. चिलमीत साचणारा काळा चिकटा काढण्यासाठी चिंधीची वात आरपार ओढतात किंवा चिलीम निखाऱ्यांत टाकून पुन्हा भाजून काढतात. छापी वरचेवर धुवावी व बदलावी लागते. अनेक जण एकच चिलीम आळीपाळीने ओढत असल्याने तोंडावाटे पसरणाऱ्या रोगांचा धोका मात्र छापी धुतल्याने टळत नाही.

हुक्क्यात चिलमीखाली उभी नळी जोडलेली असून ती पाण्याच्या भांड्यात बुडलेली असते. दुसऱ्या नळीने धूर ओढला जातो. नारळाच्या करवंटीचे पाणपात्र असलेल्या लहान हुक्क्यास गुडगुडी म्हणतात. हुक्का हा अरबी शब्द मूळचा डबी वा पात्र या अर्थाचा आहे. बीदर येथील कारागिरांनी जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूत चांदीचे जडावकाम करून घडविलेली हुक्क्याची पात्रे दख्खनी कलेचे उत्कृष्ट नमुने मानली जातात. सतराव्या शतकातील पात्रे गोलाकार, तर अठराव्या शतकातील बरीचशी घंटेच्या आकाराची आढळतात. धनिकांच्या घरी हुक्क्याच्या निगेसाठी हुक्काबरदार हा स्वतंत्र नोकर असे. पाणी बदलणे, नळ्या धुणे, निखारे तयार ठेवणे आणि गुळात मळलेली तंबाखू चिलमीत भरणे ही त्याची कामे होत.

पाण्यामुळे धूर थंड होतो व त्यातील निकोटीनाचा काही अंश विरघळतो. परंतु कोळशाच्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू व इतर अनेक घातक द्रव्ये पाण्यात अडकत नाहीत. उलट, धूर सौम्य वाटल्यामुळे तो अधिक खोलवर व अधिक वेळ ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणीत, तासभराच्या एका बैठकीत ओढल्या जाणाऱ्या धुराचे आकारमान एका सिगारेटीच्या धुराच्या १०० ते २०० पट असू शकते, असे म्हटले आहे.

विडी व विदर्भ : विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तेंदूच्या पानात गुंडाळलेल्या विडीचा प्रसार झाला आणि ग्रामीण भागात चिलमीचे स्थान हळूहळू विडीने घेतले. विडी स्वस्त, खिशात मावणारी व कोणतीही निगा न लागणारी असल्याने कष्टकरी वर्गात ती रुळली. विदर्भात गोंदिया, भंडारा व कामठी ही विडी उत्पादनाची केंद्रे बनली. यवतमाळ जिल्ह्यातील जंगलांत उन्हाळ्यात होणारे तेंदूपानांचे संकलन हे आदिवासी व भूमिहीन कुटुंबांच्या हंगामी उत्पन्नाचे साधन आहे. केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पांढरकवडा हे नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाव अशाच कापूस व वनोपज यांच्या प्रदेशात वसलेले आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते; मात्र धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के असून उरलेला बहुतेक वापर चघळण्याच्या तंबाखूचा होता.

विद्युत् सिगारेट : ज्वलनाशिवाय बाष्प निर्माण करणाऱ्या उपकरणाची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ रॉबिन्सन यांना १९३० मध्ये विद्युत् बाष्पकाचे, तर हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये धूरविरहित सिगारेटीचे एकस्व मिळाले. परंतु ही साधने बाजारात रुजली नाहीत. आजच्या विद्युत् सिगारेटीचे श्रेय होन लिक या चिनी औषधनिर्मात्यास दिले जाते. त्यांनी २००३ मध्ये तयार केलेले उपकरण २००४ पासून चीनमध्ये विकले जाऊ लागले. आरंभीच्या साधनांत द्रव शोषून धरणारा बोळा भरलेली बंद नळी असे. पुढे द्रव दिसेल अशी पारदर्शक, पुन्हा भरता येणारी टाकी आणि बदलता येणारे वेटोळे प्रचारात आले.

रचना व कार्य : या साधनात लिथियम विद्युत् घट, द्रवाची टाकी, कॉइल या नावाने ओळखले जाणारे तापक वेटोळे, त्यात बसविलेली वात आणि मुखनळी हे मुख्य भाग असतात. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व स्वादद्रव्ये असतात. वेटोळे निकेल-क्रोमियम किंवा लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचे असते. वात पूर्वी सिलिकेच्या धाग्यांची असे. पुढे कापसाची वात सर्वत्र रूढ झाली. तेलाच्या दिव्यात ज्या केशाकर्षणाने तेल वातीतून वर चढते, त्याच क्रियेने येथे द्रव तारेपर्यंत पोहोचतो.

निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधावर अवलंबून असते. ३.७ व्होल्ट दाबाखाली १.८ ओहम रोधाच्या वेटोळ्यात सु. ७.६ वॉट, तर ०.५ ओहम रोधाच्या वेटोळ्यात सु. २७ वॉट शक्ती खर्च होते. रोध कमी तितके बाष्प अधिक. त्याचबरोबर द्रवाचा खप व घटावरील ताणही अधिक. घटाच्या क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह खेचला गेल्यास घट तापून पेट घेण्याचा संभव असतो.

निगा : नवे वेटोळे बसविताना वातीवर द्रवाचे काही थेंब सोडतात, टाकी भरताना मधल्या हवानळीत द्रव जाऊ देत नाहीत व वरच्या बाजूस थोडी हवा राखतात. त्यानंतर वात पूर्ण भिजेपर्यंत पाचदहा मिनिटे साधन तसेच ठेवतात. वात कोरडी राहिल्यास पहिल्याच झुरक्यात कापूस जळतो आणि ती चव पुन्हा जात नाही. सांध्यांवरील रबरी कडी झिजल्यास टाकी गळू लागते. टाकी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते. गोड स्वादद्रव्यांमुळे तारेवर काळे कवच चढते. ते चढले, बाष्प कमी झाले किंवा करपट चव येऊ लागली म्हणजे वेटोळे बदलतात. नियमित वापरात ते सामान्यतः एक-दोन आठवडे टिकते.

या निगेमुळे साधन नीट चालते व करपलेल्या वातीतून येणारी द्रव्ये काही प्रमाणात टळतात. परंतु निकोटीनाचे प्रमाण व त्याची सवय लावण्याची शक्ती यांत तिने फरक पडत नाही. अति तापलेल्या द्रवापासून फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन ही दाहक द्रव्ये तयार होतात. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाटलीतील द्रवापेक्षा वेटोळ्यातून बाहेर पडणाऱ्या वायुकलिलात शिसे, निकेल व क्रोमियम यांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे तापक तार हीच काही धातूंचा उगम ठरते. टाकी भरताना सांडणारे निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते व लहान मुलांनी द्रव गिळल्यास ते प्राणघातक ठरू शकते. निकोटीन हे पूर्वी पिकांवरील मावा मारण्यासाठी कीटकनाशक म्हणून वापरले जात असे. त्वचा व श्वास यांवाटे विष शरीरात कसे जाते, याचा दारुण अनुभव यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या हंगामात घेतला. त्या वर्षी कपाशीवर इतर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

विद्युत् सिगारेटीत ज्वलन नसल्याने कार्बन मोनॉक्साइड व डांबर यांचे प्रमाण सिगारेटीच्या मानाने फारच कमी असते, हे खरे. या कारणास्तव ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणांनी सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी तिचा साधन म्हणून स्वीकार केला. याउलट, कधीच धूम्रपान न केलेले तरुण तिच्यामुळे निकोटीनाकडे वळतात, हा आक्षेप अनेक देशांत घेतला गेला. अमेरिकेत २०१९ मध्ये उद्भवलेल्या फुप्फुसविकाराच्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. तिचा प्रमुख संबंध गांजातील द्रव्य असलेल्या द्रवांत मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटाशी आढळला.

कायदा : मुंबईतील कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे निर्देश करण्यात आला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यात २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्कागृहांवर बंदी घातली. केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून विद्युत् सिगारेटीवर बंदी घातली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या कायद्याने उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांना मनाई केली असून विद्युत् हुक्क्याचाही त्याच्या व्याख्येत स्पष्ट समावेश आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर त्यापुढील गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड आणि साठवणुकीस सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षा सांगितल्या आहेत. उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाचे पोलीस अधिकारी कारवाई करू शकत असल्याने हा कायदा महानगरांप्रमाणेच पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावीही अंमलात येतो. विडी, सिगारेट व चघळण्याची तंबाखू यांची विक्री मात्र नियंत्रणाखाली चालूच राहिली. त्यामुळे कमी वापराच्या नव्या साधनावर बंदी आणि अधिक वापराच्या जुन्या साधनांना मुभा, अशी टीका या धोरणावर झाली. नवे व्यसन रुजण्यापूर्वीच रोखणे सोपे असते, हे तिचे शासकीय उत्तर होते.

इतर देशांत टाकी व वेटोळे यांची निगा टाळण्यासाठी वापरून फेकून द्यावयाच्या विद्युत् सिगारेटी लोकप्रिय झाल्या. त्यांतील घट व प्लॅस्टिक यांच्या कचऱ्यामुळे ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा साधनांच्या विक्रीस बंदी केली. सोय व निगा यांत साधनागणिक पालट होत गेला, तरी त्यांतून मिळणारे निकोटीन व त्याचे व्यसन कायम राहिले. भारतात तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना शासकीय जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांतून समुपदेशन व आवश्यक तेथे औषधोपचार उपलब्ध करून देण्याची व्यवस्था राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात करण्यात आली आहे.