महाद्वाराबाहेरची समाधी

बेळगावजवळच्या कंग्राळीसारख्या सीमेवरील गावातला वारकरी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणतो आणि मराठीतून आळवतो. त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही. हा देवच मुळी मानमरातब न जाणणारा! इतर देवांच्या हाती शस्त्रे, पायांखाली सिंहासन अथवा वाहन. पंढरपूरच्या काळ्या पाषाणमूर्तीचे हात मात्र कटीवर आहेत. हातांत शंख व कमळाचा देठ, आणि पायांखाली साधी वीट. मातापित्यांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने ती भिरकावली आणि देवाला तिच्यावर थांबावयास सांगितले, अशी कथा आहे. भक्ताला सवड होईतो ताटकळणारा देव लोकांनी या मूर्तीत पाहिला.

याच देवाने चोखोबांबरोबर मेलेली गुरे ओढली, असे संतपरंपरा सांगते. चोखोबा महार ज्ञातीतले, राहणारे मंगळवेढ्याचे. १३३८ साली तेथील गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांसमवेत तेही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्या अस्थी ओळखल्या, ही आख्यायिका सर्वश्रुतच आहे. पुढे नामदेवांनी स्वतःसाठीही त्याच दाराची पायरी निवडली. राउळात जाणाऱ्यास आधी हे दोघे भेटतात.

भेटतात खरे, परंतु समाधीपुढे हात जोडावयाचे आणि चोखोबांच्या जातिबांधवांना तेथूनच परतवावयाचे, हा क्रम शतकानुशतके चालला. दगडाला मान देणे तुलनेने सोपे असते. तेही सर्वत्र सोपे जात नाही म्हणा! कॅनडाचे शिल्पकार टिमोथी श्माल्झ यांनी बाकावर घोंगडी पांघरून निजलेला बेघर मनुष्य ब्राँझमध्ये घडविला. उघड्या पावलांवरील खिळ्यांच्या खुणांवरून तो येशू असल्याचे उमगते. टोरंटो व न्यूयॉर्क येथील दोन मोठ्या कॅथीड्रलांनी हे शिल्प स्वीकारले नाही. अखेर २०१३ मध्ये टोरंटोच्या रेजिस कॉलेजने त्याला जागा दिली. तेथे मूर्तीलाच दार लागले नाही. पंढरपुरात समाधीला दार लाभले, माणसे बाहेर राहिली.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. चोखोबांच्या मृत्यूला तेव्हा ६०९ वर्षे झाली होती.