बोजारा की धोतरजोडी : वाशीम परिसरातील सेवेच्या मोबदल्याचा इतिहास

ठरलेल्या मोबदल्यापलीकडे सेवकाच्या हातावर काही ठेवायचे झाल्यास ते पैशाच्या रूपात ठेवावे की वस्तूच्या, हा प्रश्न आज मुख्यतः हॉटेलांत आणि आलिशान प्रवासी जहाजांवर विचारला जात असला, तरी समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वाशीम परिसराने तो फार पूर्वीपासून हाताळला आहे. अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा मूळचा जुन्या वऱ्हाडाचा भाग असून, प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वाशीम अठराव्या शतकात कापडासाठी ओळखले जात होते. माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात १७६९ मध्ये कनकापूर येथे जो तह झाला, त्यात वाशीम आणि बाळापूर येथे विणलेले पाच हजार रुपये किमतीचे कापड भोसल्यांनी पेशव्यांस दरवर्षी द्यावे, असे एक कलम होते. किंमत रुपयांत ठरवायची आणि देणे मात्र कापडात फेडायचे, हा व्यवहार राजदरबारांनाही वावगा वाटत नव्हता. कारण रुपया देऊन हिशेब मिटतो, तर वस्त्र देऊन कोण वरचा आणि कोण खालचा हेही ठरते, याची जाण त्या काळी सर्वांनाच होती.

गावपातळीवर हाच व्यवहार बलुत्याच्या रूपाने चाले. बलुते म्हणजे गावाची ठराविक कामे वंशपरंपरेने करणाऱ्या कारागिरांना व सेवकांना शेतकऱ्याने सुगीच्या वेळी द्यावयाचा पिकाचा वाटा. सुताराने तिफण आणि वखर दुरुस्त करावे, लोहाराने फास शेवटून द्यावी, न्हाव्याने वर्षभर हजामत करावी, परिटाने कपडे धुवावे, कुंभाराने मडकी पुरवावी, आणि या सर्वांनी ज्वारीची कणसे मोडून खळे तयार झाले की त्या खळ्यावर आपापला वाटा घेण्यास यावे, अशी ही रचना होती. वाट्याचे माप घरागणिक, विशेषतः आउतागणिक म्हणजे शेतकऱ्याच्या बैलजोड्यांच्या संख्येनुसार, रूढीने ठरलेले असे. पण ठरलेल्या मापावर शेतकऱ्याने खुशीने किती ओंजळी वाढवाव्यात, याला कोणताही नियम नव्हता, आणि नेमक्या या वाढीव ओंजळींतच मोबदल्याची सीमा संपून बक्षिशीची सुरुवात होत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था बारकाईने मांडली आहे. खळ्यावर हात पसरणाऱ्यांच्या रांगेमुळे कुणबी कसा नागवला जातो, याकडे त्यांचा कल अधिक असल्याने घेणाऱ्याची बाजू त्यांच्या लेखनात काहीशी दबलेली वाटते. आत्र्यांचे निरीक्षण पश्चिम महाराष्ट्राचे असले, तरी खळ्याचे चित्र वऱ्हाडात फारसे निराळे नव्हते.

नगद आणि वस्तू यांतील भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो पोळ्याच्या सणात. श्रावण अमावास्येला येणाऱ्या या सणाच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप आणि हळद चोळली जाते. दुसऱ्या दिवशी सजवलेले बैल गावाच्या तोरणाखाली उभे केले जातात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हटली जातात, आणि मानकऱ्याने तोरण तोडले की पोळा फुटतो. त्यानंतर बैल घेऊन गडी घरोघर फिरतो, दारात बैलांची पूजा होते, आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर जे पैसे ठेवले जातात त्यांना वऱ्हाडात बोजारा म्हणतात. त्याच दिवशी बैलांची निगा राखणाऱ्या घरगड्याला त्याचा स्वतःचा मालक नवे कपडे देतो. एकाच माणसाला, एकाच सणाला, एकाच कामाबद्दल शेजारी नगद देतात आणि मालक वस्त्र देतो, ही विभागणी योगायोगाची नाही. ज्याच्याशी आपला संबंध दारातल्या दोन क्षणांपुरताच आहे, त्याला पैसा पुरे होतो, कारण पैसा कोणाचाही असला तरी सारखाच असतो आणि त्यामागे मागचे-पुढचे काही उरत नाही. ज्याच्याशी वर्षभराचा संबंध आहे, त्याला मात्र अंगावर मिरवता येईल आणि गावाला ओळखता येईल असे काहीतरी द्यावे लागते. मालकाने दिलेले धोतर गडी नेसून निघाला की तो कोणाचा गडी, हे सांगावे लागत नसे. भेटीतली माया आणि भेटीतली मालकी यांचे धागे त्या एकाच कापडात विणलेले होते.

हा गडी बहुधा सालदार असे, म्हणजे पाडव्याला किंवा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरवलेल्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे वर्षभर राबणारा मजूर. त्याच्या बोलीत काही रोकड, काही ज्वारी, धोतरजोडी, पायातला जोडा आणि घोंगडी असे सर्व मिसळून येत असे, आणि रोकडीचा मोठा भाग साल सुरू होण्यापूर्वीच उचल म्हणून घेतला गेलेला असल्याने वर्षभर त्याच्या हाती प्रत्यक्ष येई ते धान्य आणि कापडच. वस्तूची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे येथे अगदीच पोकळ नव्हते. उचल फेडण्यासाठी सावकार दारात उभा राहिला तर रोकड पहिल्यांदा त्याच्याकडे जाते. पायली-दोन पायली ज्वारी मात्र घरातल्या बाईच्या हाती पडून चुलीपर्यंत पोहोचते. पण वस्तू निवडण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच राहतो, आणि जुनी, किडकी किंवा हलक्या पोताची वस्तू आली तरी घेणाऱ्याला तक्रार करता येत नाही, कारण हक्काबद्दल तक्रार करता येते, भेटीबद्दल येत नाही.

या जुन्या घडीला पहिला मोठा धक्का दिला तो कापसाने. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता, आणि पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला. त्याच दशकात अकोल्यापर्यंत आगगाडी पोहोचली. कापूस हे खळ्यावर वाटून देण्याचे पीक नव्हते, तो बाजारात नेऊन विकावा लागे. याच परिसरातील कारंजा येथे १८८६ मध्ये स्थापन झालेली कापसाची बाजारपेठ ही भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ मानली जाते, आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल आणि मापारी यांना परवाने देण्याची व बाजारशुल्क आकारण्याची पद्धत घातली; पुढे १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही बाजारसुधारणेचा विचार करताना वऱ्हाडच्या या बाजारांची दखल घेतली. वरवर रूक्ष वाटणाऱ्या या कायद्याचा प्रस्तुत विषयाशी घनिष्ठ संबंध आहे. मोंढ्यात माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या ढिगातून मापाऱ्याचा पसा, हमालाची मूठ, नमुन्याची वानगी आणि धर्मादायाचा वाटा रूढीने काढला जाई, आणि हे सर्व वरकरणी शेतकऱ्याच्या खुशीने होत असले, तरी ती खुशी नाकारण्याची सोय त्याला नव्हती. येथे बलुत्याचे चित्र उलटे होते : गावात घेणारा दुबळा होता, बाजारात देणारा दुबळा होता. हमाली, तोलाई आणि अडत यांचे दर लिहून नगदीत घेतले जाऊ लागले, तेव्हा मुठी-पशांची ही सक्तीची उदारता मागे हटू लागली, जरी ती लगेच नाहीशी झाली नाही.

वस्तुरूप मोबदल्याची सर्वांत कडू बाजू महार समाजाच्या वाट्याला आली. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी परंपरा होती, आणि रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. या हक्कांत धान्याच्या वाट्याबरोबर मेलेल्या जनावराचा आणि प्रेतावरील कापडाचाही समावेश होता. म्हणजे ज्याला हक्क म्हटले जाई, तोच हीनतेचा शिक्का होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेल्या वतन दुरुस्ती विधेयकात बलुत्याचे रोकडीत रूपांतर करून ते सरकारने वसूल करावे, अशी तरतूद सुचवली होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या कारभारात असल्याने हे विधेयक येथे लागू होण्याचा प्रश्न नव्हता, आणि मुंबई इलाख्यातही ते मंजूर झाले नाही. पण मोबदला पिकाऐवजी पैशात आणि शेतकऱ्याच्या दाराऐवजी सरकारच्या तिजोरीतून यावा, हा त्यातील विचार वऱ्हाडातील खळ्यांनाही तितकाच लागू पडत होता. रोकडीची ही मागणी लोभाची नव्हती. दारोदार उभे राहून भाकर मागण्यापासून सुटका व्हावी, यासाठी ती होती.

कायद्याने पुढे हीच दिशा धरली. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने कारखान्यांतील, म्हणून जिनिंग-प्रेसिंगमधीलही, वेतन नाण्यांत किंवा नोटांत देणे बंधनकारक केले. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाने तोच नियम अनुसूचित रोजगारांना लावला, मात्र जेथे वस्तुरूप वेतनाची रूढी आहे तेथे ते चालू ठेवण्यास सरकार परवानगी देऊ शकेल, अशी वाटही ठेवली. ही वाट ठेवताना कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ असावा, असे मानण्यास जागा आहे, कारण धान्य महागले की ठरलेली रोकड पोट भरत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर मजुरीबरोबर सुकडी वाटली गेली, ती याच जाणिवेतून.

खळ्यावरचे बलुते अखेर कोणत्याही कायद्यापेक्षा पिकाच्या बदलाने अधिक संपवले. गेल्या तीन दशकांत वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा पसरला आणि ज्वारी मागे पडली. सोयाबीन घरात दळून खाता येत नाही, ते थेट बाजार समितीत जाते आणि पैसा होऊन परत येते, त्यामुळे सुताराला किंवा न्हाव्याला पायलीभर सोयाबीन देण्यात कोणालाच अर्थ वाटत नाही. वस्तरा आणि रंधा यांचे दर आता रुपयांत ठरतात.

प्रवासी जहाजांवरही काहीसे असेच घडले आहे. अनेक कंपन्या दर दिवसामागे ठराविक सेवाशुल्क प्रवाशाच्या बिलात आपोआप मिळवतात, म्हणजे एक प्रकारचे बलुतेच, आणि त्यानंतरही प्रवासी आपल्या खोलीची सेवा करणाऱ्याला वेगळे पाकीट द्यावे की घरून आणलेली भेटवस्तू, याचा विचार करत राहतात. सामाईक, अरुंद खोलीत महिनोन्‌महिने राहून घरी पैसे पाठवणाऱ्या या सेवकाला वस्तूपेक्षा नोट सोयीची, हे उघड आहे. प्रवासी आणि तो यांचा संबंध आठवड्याभराचा असल्याने पोळ्याचा नियम लावला तरी उत्तर नगदीकडेच झुकते.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत ट्रॅक्टरने बैलजोड्या कमी केल्या असल्या, तरी पोळा भरतो आणि बोजारा दिला जातो. सालदारांच्या बोलीतून घोंगडी आणि जोडा बहुतेक ठिकाणी गळून त्यांची किंमत रोकडीत मिळवली गेली आहे, पण पोळ्याचे कपडे मात्र अनेक घरांत अजून वेगळेच धरले जातात, आणि ते बोलीत मोजावेत की बोलीबाहेर, यावर अखाजीच्या सुमारास मालक आणि सालदार यांच्यात घासाघीस होते.