एजन्सी संपली, कमिशन कोणाचे?

विमा, करार, हप्ता, हक्क, वारस. यातला एकही शब्द मराठी माणसाला परका वाटत नाही, आणि सगळे फारसी-अरबीतून आलेले. कमिशन तेवढे इंग्रजांचे. भांडण पेटते ते बहुधा त्याच्यावरून!

आयुर्विम्याचा एजंट कंपनीचा नोकर नसतो. त्याला पगार नाही. असतो तो फक्त करार. पहिल्या वर्षी हप्त्यातला मोठा वाटा मिळतो, पुढे हप्ता येत राहील तोवर दरवर्षी थोडा-थोडा. या पुढच्या वाट्याला रिन्युअल म्हणतात. एजंटाची म्हातारपणाची भाकरी तीच.

जुन्या कंपन्यांच्या करारात एक कलम असायचे: एजन्सी संपली की रिन्युअलही बंद. म्हणजे झाड एकाने लावायचे आणि फळाला आल्यावर कुंपण दुसऱ्याने घालायचे. 1938 च्या विमा कायद्यातील कलम 44 ने याला लगाम घातला. करारात काहीही लिहिलेले असो, लबाडी केली नसेल तर केवळ एजन्सी संपली म्हणून रिन्युअल अडवता येणार नाही. अर्थात अटी होत्या. सलग पाच वर्षे एकाच कंपनीचे काम आणि किमान पन्नास हजारांच्या पॉलिसी चालू, ही त्यातली एक. एजंट वारला तर हे कमिशन त्याच्या वारसांना जाई. माझ्या मते त्या कायद्यातले सर्वांत माणुसकीचे वाक्य हेच.

19 जानेवारी 1956 च्या रात्री अर्थमंत्री सी. डी. देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. लहानमोठ्या 245 कंपन्या-संस्था एकत्र झाल्या आणि 1 सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले. ग्राहकाला सरकारची हमी मिळाली. एजंटाला मात्र करारासाठी एकच दार उरले. खासगी कंपन्या पुन्हा यायला 2000 साल उजाडले.

1972 च्या नियमांत वर्षाला किमान बारा माणसांच्या नव्या विम्याची अट होती. ती पुरी झाली नाही तर एजन्सी जायची. मुंबईत बारा म्हणजे एका इमारतीचे काम. दर्यापूर-अकोटकडे तसे नाही. आमच्या वऱ्हाडात पैसा दिसतो तो कापूस विकल्यावर. बोंड सडले की एजंटाला एकच उत्तर, “भाऊ, औंदा नाई जमत.” नवा विमा नाही, जुन्याचा हप्ताही थकला. शेतकऱ्याची नापिकी अशी एजंटाच्या करारात शिरते.

गेलेली एजन्सी पुन्हा मिळाली, तरी जुन्या पॉलिसींचे रिन्युअल मिळत नसे. ही जुनी तक्रार मिटायला सप्टेंबर 2023 उजाडला. तेव्हा अर्थ मंत्रालयाने पुन्हा नेमलेल्या एजंटांना ते रिन्युअल मान्य केले, ग्रॅच्युइटीची मर्यादाही तीन लाखांवरून पाच लाख झाली.

लगेच दुसरी कुरबुर सुरू झाली. 1 ऑक्टोबर 2024 पासून महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन 35 टक्क्यांवरून 28 टक्क्यांवर आणले आणि रिन्युअल पाचाचे साडेसात केले. एजंटांच्या संघटनांनी निषेध केला. हिशेब मांडला तर दीर्घकाळ टिकणाऱ्या पॉलिसीत ही वाढ नुकसान भरून काढूही शकते. पण पॉलिसी टिकली तर! त्याच वेळी काही योजनांत विम्याची किमान रक्कम एक लाखावरून दोन लाख झाली. एक लाखाचाच हप्ता कसाबसा पेलणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात आता एजंटाने काय घेऊन जायचे?