सेल्फडिस्ट्रक्ट व रिव्हर्ट : चाचणी

इथिरियमवरील स्मार्ट काँट्रॅक्टने स्वतःला नष्ट करण्याची आज्ञा आणि मध्येच फसून मागे घेतला गेलेला कॉल एकत्र आले, की क्लायंट सॉफ्टवेअर बरोबर वागते का, याची तपासणी. सेल्फडिस्ट्रक्ट आज्ञेने शिल्लक ईथर लगेच दुसऱ्या पत्त्यावर जाते. काँट्रॅक्टवर मात्र नुसती खूण पडते. कोड व साठवलेली माहिती पुसली जाते ती व्यवहार संपताना (मार्च २०२४ पासून फक्त त्याच व्यवहारात जन्मलेल्या काँट्रॅक्टची). दरम्यान बाहेरचा कॉल रिव्हर्ट झाला, तर खूण, ईथर आणि लॉग सगळेच पूर्ववत व्हावे लागते. खर्च झालेला गॅस तेवढा गेला तो गेलाच.

नेहमीची मांडणी अशी : ‘क’ हे काँट्रॅक्ट ‘ख’ला आणि ‘ख’ हे ‘ग’ला बोलावते, ‘ग’ स्वतःला नष्ट करते, मग ‘ख’ रिव्हर्ट होते, पण ‘क’ ती चूक पचवून व्यवहार पुरा करते. शेवटी ‘ग’ जसेच्या तसे उरले पाहिजे. त्यानंतर ‘क’ने त्याच व्यवहारात ‘ग’ला पुन्हा, या वेळी यशस्वीपणे, नष्ट करायला लावले, तर मार्च २०२४ पूर्वीच्या नियमांनुसार ते जायलाच हवे. पडताळणी व्यवहार संपल्यावरच करावी. आधी पाहिले तर कोड तिथे असतोच आणि चाचणी फुकटची उत्तीर्ण होते.

याच्या जवळच्याच चुकीने २४ नोव्हेंबर २०१६ रोजी साखळी दुभंगली. त्याच्या दोनच दिवस आधी रिकामी खाती पुसण्याचा नियम लागू झाला होता. व्यवहार गॅस संपून फसला, तरी गेथ क्लायंट त्यातली पुसलेली खाती परत आणत नव्हता. पॅरिटी हा दुसरा क्लायंट मात्र आणत होता. अर्थात पॅरिटीही अगदी निर्दोष नव्हता. ब्लॉक २६७५११९ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या पत्त्यावरील रिकामे खाते फसलेल्या कॉलनंतरही पुसलेलेच राहिले. साखळीने ते तसेच मान्य केले असून इथिरियमची औपचारिक व्याख्या असलेल्या यलो पेपरच्या परिशिष्टात त्याची अपवाद म्हणून नोंद आहे.

मार्च २०२४ च्या कॅनकून बदलापासून त्याच व्यवहारात जन्मलेलेच काँट्रॅक्ट नष्ट होते. इतरांचे फक्त ईथर जाते. त्यामुळे ‘याच व्यवहारात जन्मले’ ही खूणही रिव्हर्टबरोबर मागे जाते का, हे पाहणे आले. जुने ब्लॉक जुन्याच नियमांनी पडताळावे लागतात, म्हणून एकच चाचणी शांघाय (कॅनकूनपूर्व) व कॅनकून या दोन्ही नियमावल्यांखाली, वेगवेगळी उत्तरे अपेक्षून चालवतात.